यवतेश्वरचं सोनेरी गवत फोटोत मळकट का येतंय?

सातारी_कंदी
नमस्कार मंडळी. दरवर्षी काश्मीरच्या चिनारचे नायतर कॅनडातल्या मेपलचे लालभडक फोटो मोबाईलवर बघून जीव जळतो, म्हणलं आपले साताऱ्याचे डोंगर पण रंग बदलतातच की, दिवाळी झाली की यवतेश्वर काय अजिंक्यतारा काय, नुसतं सोनं. तर रविवारी सकाळी पोवई नाक्यावर चहा मारला आणि साडेनऊच्या सुमारास समर्थ मंदिराच्या वरच्या अंगाला उभं राहून यवतेश्वरच्या डोंगराचे शंभरभर फोटो काढले. घरी येऊन बघतोय तर काय, डोंगर म्हणजे धुतलेलं गोणपाट! सोनेरी बिनेरी काय नाय, मातकट पिवळा आणि वर पांढरं फटक आभाळ. निकॉन डी-५६०० आहे, सोबतची १८-५५ लेन्स. मोबाईलनं पण काढले, त्यात तर गवताला हळद लावल्यासारखी दिसतीय. लेन्स बदलू का? मित्र म्हणतो चाळीस हजार घाल, फरक पडेल.

रोलवाले_काका
चाळीस हजार खिशातच ठेवा. तुम्ही उभे राहिलात ती जागा आणि ती वेळ, दोन्ही चुकलं.

यवतेश्वर शहराच्या पश्चिमेला. म्हणजे साडेनऊला ऊन तुमच्या पाठीवर आणि सरळ डोंगराच्या तोंडावर. आमच्या रोलच्या काळात दुकानदारच सांगायचा, सूर्य पाठीमागं ठेवा, माणसाचा चेहरा काळा पडायला नको. लग्नात ठीक आहे ते. वाळलेल्या गवताला मात्र समोरून ऊन पडलं की ते मेलंच, कारण सावलीच उरत नाही, सगळं सपाट. गवत चमकतं ते ऊन त्याच्या मागून आरपार आलं की. एक काडी हातात धरून खिडकीपाशी बघा, लगेच पटेल.

आता उलटं करायचं. पहाटे घाट चढून वर जायचं आणि तिथून शहराकडं बघायचं. नोव्हेंबरात सूर्य नीट पूर्वेला उगवत नाही, दक्षिणेकडं सरकलेला असतो, त्यामुळं घाटातनं बघितलं की अजिंक्यताऱ्याच्या अंगानंच वर येतो. खाली शहरावर धूर-धुकं साचलेलं, त्यातनं किल्ला वर आलेला आणि तुमच्या पायाजवळचं गवत पेटल्यासारखं. हा खेळ वीस-पंचवीस मिनिटांचा, म्हणून अंधारातच जागा धरून बसायचं. लेन्सवर थेट ऊन येऊ देऊ नका, टोपी आडवी धरा, नाहीतर सगळा फोटो दुधाळ होतो. आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, अर्धा-पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) कमी ठेवा, उजळ काड्या एकदा पांढऱ्या झाल्या की मागाहून काही करता येत नाही.

रानपाखरू
काकांचं बरोबर आहे, पण मला मुळात ती मेपलशी बरोबरीच पटत नाही. तिकडं थंडी पडायला लागली, दिवस लहान झाला की पानातला हिरवा रंग मोडतो, आतला पिवळा उघडा पडतो आणि बऱ्याच झाडांत त्याच वेळी लाल रंग नव्यानं तयार होतो. आपल्याकडची पानगळ थंडीमुळं नाही, पाणी तुटल्यामुळं. म्हणून आपली झाडं ऑक्टोबरात नाही, फार करून जानेवारी ते मार्चमध्ये झडतात, आणि झडताना साग बिग नुसता तपकिरी होऊन गळतो, त्यात बघण्यासारखं फार नसतं.

आपला लाल रंग पान जाताना नाही, येताना दिसतो! मार्चच्या आसपास कुसुंबाला नवी पालवी फुटते ती बघा, अख्खं झाड लालबुंद, लांबनं कुणाला वाटेल फुलंच आलीत. पिंपळाची कोवळी पानं तांब्यासारखी. त्याच्या आगंमागं पळस, पांगारा, सावर, तेपण निष्पर्ण झाडावर. त्यामुळं आत्ता नोव्हेंबरात झाडं शोधत फिरू नका, आत्ताचा रंग गवताचा. पठारावर जांभ्या दगडावर माती वीतभर पण नाही, पाऊस थांबला की ओल लगेच उडते आणि गवत भराभर रंग बदलतं. कासला सगळी गर्दी सप्टेंबरात फुलांसाठी. फुलं संपली की कुत्रं फिरकत नाही, आणि मला विचाराल तर पठार तेव्हाच जास्त देखणं.

मिरजेचा_तंबोरा
हळदीचं मी सांगतो. मोबाईल पिवळा दिसला की त्याला वाटतं सूर्यास्त, आणि तो स्वतःच्या मनानं रंग चढवतो. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर (रंगांचा तोल तो स्वतःच ठरवतो ती सेटिंग) असला तर बरेचदा उलटं करतो, सकाळचा पिवळेपणा चूक समजून काढूनच टाकतो, म्हणून गोणपाट. ती सेटिंग डेलाइटवर टाका आणि रॉमध्ये (कॅमेऱ्यानं रंग न चढवलेली कच्ची फाइल) काढा, अर्धं काम तिथंच झालं. पोलरायझर फिल्टर घ्यायचाच असेल तर साधा घ्या, गवताच्या पात्यावरची पांढरी चकाकी कमी होते, पण तो ऊन बाजूनं असताना चालतो, सूर्य समोर असला की आभाळाला त्याचा काय उपयोग नाय. चाळकेवाडीला पवनचक्क्यांकडं गेलास तर शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवू नको, वारं कसलं असतंय तिथं माहितीय ना. नायतर मुद्दाम ट्रायपॉड लावून अर्धा सेकंद ठेव, गवताच्या लाटा येतात, दहात एक फोटो बरा निघतो. आमच्या मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगराला एवढं गवत नाय म्हणून मी तिकडं पळतो.

परळीखोरं
समद्यांनी कॅमेऱ्याचं सांगितलं, आता डोंगराखाली राहणाऱ्याचं ऐका. ते गवत कुणाच्या तरी मालकीचं असतंय. जनावरांसाठी राखलेलं असतंय, कापून गंजी लागतीय तवा उन्हाळा निघतोय आमचा. फोटोसाठी मधनं चालत जाऊन आडवं पाडू नका, पायवाटेनं जावा, कुणी दिसलं तर विचारा, नाय कोण म्हणत नाय. आणि बिडी-सिगरेट गाडीतच ठेवा. गेल्या साली वणवा लागला, चार तास झाडाच्या डहाळ्यांनी बडवत होतो आम्ही, आन् खाली रस्त्यावं गाड्या थांबवून लोक व्हिडिओ काढत होती.

आणि बूट-सॉक्स घालून कुसळात शिरू नका, हसं हुईल.

सातारी_कंदी
काका, आज पहाटे सव्वासहाला घाटात होतो. दीडशेतले दोन आले, पण ते दोन असले आलेत की आईनं विचारलं हे कुठलं गाव म्हणून. कुसळांचा सल्ला उशिरा वाचला.

आता सज्जनगडावरनं उरमोडी धरणाच्या पाण्याकडं उतरणारा उतार संध्याकाळी करायचाय. परळीकर दादा, तिकडचं गवत अजून उभं आहे का?

परळीखोरं
निम्मं कापलं. आमचा तुकडा बेस्तरवारी कापणार. यायचं तर बुधवारच्या आत या, चारला खाली पोचा, पाचनंतर डोंगराची सावली पडती.