अर्ध्या एकराचं लॉन: राइडिंग मोअर की माणूस?

अर्ध्या एकराच्या लॉनसाठी राइडिंग मोअर (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) घ्यावा की गवत कापायला माणूस लावावा, असं विचारलंय तुम्ही. आधी उतार बघा. १५ अंशांच्या वर असेल तर राइडिंगचा विचारच सोडा, उलटतो तो. तिथे सेल्फ-प्रोपेल्ड पुश मोअर (मागून चालत न्यायचा, पण चाकं स्वतः फिरणारा) बरा, आणि तोही उताराला आडवा चालवायचा. सपाट असेल तर राइडिंगचा ४२ इंची डेक (खालचा पात्यांचा भाग) पुश मोअरच्या २१ इंचीच्या निम्म्या फेऱ्यांत काम उरकतो. फक्त तो आत जाईल ना, यासाठी बॅकयार्डच्या फाटकाची रुंदी मोजून घ्या (दुकानदार हे विचारत नाही!).

काहीही घेतलंत तरी एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. फेस्क्यू (लॉनच्या गवताचा एक प्रकार) असेल तर तीन इंच तरी ठेवा. कापलेलं गवत तिथेच राहू द्या, नायट्रोजन फुकट मिळतो. माणूस लावलात तर पाऊस पडून गेल्यावर लगेच येऊ नको म्हणून बजावा, ओल्या मातीत चाकांचे चर पडतात.