चूल वेगळी होताना: घर शोधणाऱ्या पिढीचे अनुभव

नमस्कार. पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या गृहकर्ज विभागात मी चौदा वर्षे काम करते आहे. टेबलावर येणाऱ्या फायलींमध्ये झालेला बदल मला गप्प बसू देत नाही, म्हणून हा अनुभव धागा सुरू करते आहे.

मी कामाला लागले तेव्हा बहुतेक अर्ज एकाच साच्यातले असत: तिशीतले जोडपे, एखादे लहान मूल आणि दोन बेडरूमचे घर. आता तो साचा उरलेला नाही. गेल्या महिन्यात आलेल्या एका फायलीत अर्जदार एकोणतीस वर्षांची मुलगी होती आणि सहअर्जदार होती तिची आई, जिच्या निवृत्तीला चार वर्षे राहिली आहेत. सह्या झाल्यावर आईने काळजीने विचारले, "मॅडम, हिचं लग्न झालं की नाव बदलेल, तेव्हा हे सगळे कागद परत करावे लागतील का?" मुलीने आईच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, नाव बदलणार नाही."

घरांच्या मागणीचा अंदाज बांधताना आपण माणसे मोजतो, पण घर लागते ते चुलीला. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १२१ कोटी लोक आणि सुमारे २४.६७ कोटी कुटुंबे होती, म्हणजे एका चुलीमागे जवळजवळ पाच माणसे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, मोजण्याची पद्धत निराळी असली तरी, हा आकडा ४.४ वर आला. शंभर माणसे पाच-पाचच्या कुटुंबांत राहिली तर वीस घरे पुरतात, चार-चारच्या कुटुंबांत राहिली तर पंचवीस लागतात. माणूस एकही वाढला नाही, तरी पाच घरे वाढली. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, १.७ नोंदला गेला, म्हणजे पुढची पिढी आजच्यापेक्षा लहान असणार हेही जवळजवळ ठरलेले आहे. त्यामुळे मागणी वाढेल की घटेल, या प्रश्नाचे उत्तर आजचे पंचविशी-तिशीतले लोक चूल कधी, कुठे आणि कोणाबरोबर मांडतात यावर अवलंबून आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर आपण आपले अनुभव तरी नीट लिहून ठेवू या. घर घेतले असेल, घेता आले नसेल किंवा घ्यायचेच नसेल, तरी लिहावे.

सदाशिव पेठ, पुणे. वय २७

ताई, मी मूळचा लातूर जिल्ह्यातला असून पाच वर्षांपासून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो आहे. मी ज्या पद्धतीने राहतो तिला इथे 'कॉट बेसिस' म्हणतात. भाडे खोलीचे नसते, कॉटचे असते. दहा बाय बाराच्या खोलीत चार कॉट आहेत, प्रत्येकाच्या कॉटखाली एक पेटी किंवा सुटकेस आहे आणि उशाच्या भिंतीवर एकेक खिळा आहे. दिवसभर अभ्यासिकेत आणि जेवायला मेसमध्ये असल्यामुळे खोलीचा उपयोग झोपण्यापुरताच होतो. माझी चूल अजून पेटलेलीच नाही, त्यामुळे तुमच्या हिशेबात मी कुठेच बसत नाही.

गावाकडे मात्र माझे घर तयार होण्याची वाट पाहते आहे. वडिलांनी आठ वर्षांपूर्वी स्लॅब टाकला, तेव्हा वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया हातभर वर सोडल्या. नोकरी लागली की वर दोन खोल्या काढायच्या असे ठरले होते. मराठवाड्यात एसटीने फिरलात तर अशा सळया गावोगाव दिसतील. त्या प्रत्येक छतावर एखाद्या मुलाचे न झालेले लग्न किंवा न लागलेली नोकरी उभी आहे, असे मला वाटते. खरे सांगायचे तर मला नोकरी लागली तरी ती त्या गावात लागणार नाही. वडिलांना हे कळते, पण आम्ही दोघे त्यावर बोलत नाही.

वाकड, पिंपरी-चिंचवड. वय ३४

मी हिंजवडीत नोकरी करते आणि अविवाहित आहे. घर घेण्यापूर्वी सहा वर्षांत मी पाच भाड्याची घरे बदलली. त्यांपैकी दोन वेळा कारण एकच होते: सोसायटीने 'बॅचलर' भाडेकरू ठेवायचे नाहीत असा ठराव केला आणि घरमालकाने हात जोडले. बत्तिसाव्या वर्षीही मला बॅचलर म्हटले जात होते, आणि शेजारच्या फ्लॅटमधले चोवीस वर्षांचे जोडपे मात्र 'फॅमिली' होते. मला स्वतःचे घर हवे झाले ते गुंतवणुकीसाठी नव्हे, तर अकरा महिन्यांनी कोणी सामान बांधायला सांगू नये यासाठी.

शोध सुरू केला तेव्हा कळले की मला हवे तसे घर फारसे कोणी बांधतच नाही. एक बेडरूम, मोठे स्वयंपाकघर आणि कामासाठी एक बंदिस्त कोपरा एवढेच मला हवे होते. नव्या प्रकल्पांत दोन आणि तीन बेडरूमचेच आराखडे समोर ठेवले जात. प्रत्येक ठिकाणी विक्री विभागातली व्यक्ती विचारायची, "मॅडम, सरांना घेऊन कधी येताय?" शेवटी २०२२ मध्ये एका जुन्या इमारतीत पुनर्विक्रीचे घर घेतले. महिलेच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत महाराष्ट्राने एप्रिल २०२१ पासून दिलेली होती आणि ती मला मिळाली. त्या वेळी अट अशी होती की असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही. ती अट २०२३ मध्ये काढली गेली हे चांगले झाले, कारण घर विकण्याचे स्वातंत्र्य नसेल तर ते घर पूर्णपणे आपले नसते.

त्यानंतर व्याजदर चढले. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो रेपो दर मे २०२२ पूर्वी ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्के झाला. माझे कर्ज रेपोशी जोडलेले असल्यामुळे बँकेने आधी मुदत वाढवली आणि मुदत निवृत्तीच्या वयाला जाऊन भिडल्यावर हप्ताही वाढवला. दोन पगारांच्या घरात असा धक्का वाटून घेता येतो. एकट्या माणसाला तो सबंध सोसावा लागतो, आणि एकट्याने घर घेणाऱ्यांची संख्या वाढणार असेल तर कर्जाच्या रचनेत याचा विचार व्हायलाच हवा. धागाकर्त्या ताई बँकेत आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

बदलापूर. वय ३१

माझे बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत, एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत गेले. आई-वडील, दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी असे सहा जण तिथे राहत होतो. रात्री मी बाहेरच्या मार्गिकेत झोपायचो आणि पावसाळ्यात दाराच्या आत, ओट्याखाली पाय घालून. माझे लग्न ठरले तेव्हा आईने सर्वात आधी ओट्याखालचे डबे पोटमाळ्यावर हलवले, पण ती जागा दोघांना पुरणार नाही हे तिलाही दिसत होते. लग्नाआधी एक महिना मी बदलापूरला एक बेडरूमचे घर भाड्याने घेतले.

आता चाळींचा पुनर्विकास होतो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमच्या इमारतीची पाळी येईल तेव्हा आई-वडिलांना हक्काचे शौचालय असलेले घर मिळेल, याचा मला मनापासून आनंद आहे. पण एका खोलीच्या बदल्यात घर एकच मिळणार, आणि आमच्या चुली तर कधीच दोन झालेल्या आहेत. जुन्या खोल्यांची संख्या हाच पुनर्विकासाचा पाया असतो. त्या खोल्यांत किती कुटुंबे दडपून राहत होती आणि त्यांतली किती आधीच कर्जत-कसाऱ्याच्या दिशेने निघून गेली, हे त्यात मोजले जात नाही. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात घटली आणि त्याच दशकात जुन्या ठाणे जिल्ह्याची एक कोटीच्या पुढे गेली. आमच्यासारख्यांच्या गादी-पेट्या तिकडे गेल्या, एवढाच त्याचा अर्थ.

संगमेश्वर तालुका, रत्नागिरी. वय ३८

आमच्या वाडीत एकवीस घरे आहेत आणि त्यांतल्या नऊ घरांच्या चाव्या माझ्या घरी खिळ्याला टांगलेल्या असतात. शिमग्याला आणि गणपतीला ती उघडतात. पाऊस सुरू होण्याआधी कौले चाळायची आठवण मी फोन करून करतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मागच्या दोन जनगणनांच्या दरम्यान कमी झाली, तरीही वाडीत गेल्या चार वर्षांत तीन नवी घरे बांधली गेली. मुंबईत घर घेणे न परवडलेल्या मुलांनी ती बांधली आहेत. ती तिथे भाड्याने राहतात आणि मालकीचे घर इथे ठेवतात. वरच्या बदलापूरच्या भावाने लिहिलेले वाचून वाटले, की त्याचे आणि यांचे दुखणे एकच आहे.

बेंगळुरू, मूळ नाशिक. वय ३२

मी एकुलती एक आणि माझा नवराही एकुलता एक. त्याच्या आई-वडिलांचा फ्लॅट कोथरूडला आहे, माझ्या आई-बाबांचे घर नाशिकला आहे आणि आम्ही दोघे बेंगळुरूत भाड्याने राहतो. कागदावर पाहिले तर आमच्यासारख्या जोडप्याला घराची गरजच नाही, कारण दोन घरे वारशाने येणार आहेत. जननदर कमी झाल्यामुळे पुढे घरांची मागणी आपोआप ओसरेल असे म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा हेच गणित असते.

पण ती घरे आम्हाला हवी तेव्हा आणि हवी तिथे मिळणार नाहीत. सासू-सासऱ्यांचा फ्लॅट चाळीस वर्षे जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. गेल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून चार जणांनी वर नेले. त्यानंतरचे तीन महिने त्या खाली उतरल्या नाहीत. आम्हाला आज जे घर हवे आहे ते असे: एकाच मजल्यावर दोन लहान फ्लॅट, दोन स्वतंत्र दारे, एकात ते आणि एकात आम्ही, आणि पुढे माझ्या आई-बाबांनाही येता येईल एवढी सोय. भावंडे नसलेल्या पिढीवर चार वृद्धांची जबाबदारी आहे. तिची मागणी 'पहिले घर' या शब्दात मावत नाही.

ठाणे. वय ६८

तुम्ही तरुणांचे अनुभव मागवले आहेत, पण माझ्या घरात तरुण राहतात म्हणून लिहिते. दोन्ही मुले परदेशी आहेत. यजमान गेल्यावर तीन बेडरूमच्या घरात मी एकटी उरले. शेजारचा फ्लॅट मुलाने घेऊन ठेवलेला होता आणि तो सहा वर्षे कुलूपबंद होता. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात एक कोटीहून अधिक घरे अशी रिकामी सापडली होती असे वाचले, तेव्हा त्यांतले एक आमच्यासारखेच असेल असे मनात आले.

मुलाला भीती होती की भाडेकरू घर बळकावतील. ती भीती जुन्या पागडीच्या काळातली आहे, जेव्हा एकरकमी पागडी देऊन आलेला भाडेकरू जवळजवळ कायमचाच राहायचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, त्यात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळापुरते घर वापरायला देण्याच्या कराराची, मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याची स्वतंत्र तरतूद आहे, आणि कराराची नोंदणी करणे ही मालकाची जबाबदारी आहे. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही असे आमच्या इमारतीत सगळे समजत होते, आणि महाराष्ट्रात ते चुकीचे आहे. मी रीतसर नोंदणी केली, पोलिसांकडे माहिती दिली आणि तीन नोकरदार मुलींना घर दिले. सोसायटीच्या सभेत विरोध झाला, तेव्हा मी उभी राहून एवढेच विचारले की आपल्या सगळ्यांची मुले आज कोणाच्या तरी शहरात भाडेकरूच आहेत ना. ठराव मागे घेतला गेला.

वाकडच्या मुली, तुला पाच वेळा सामान बांधावे लागले हे वाचून मला वाईट वाटले. नवी घरे बांधली जातील तेव्हा जातील. आधी ही कुलपे उघडली पाहिजेत.

नागपूर. वय २९

माझा अनुभव थोडक्यात सांगतो. घरून काम करण्याची परवानगी कायम झाल्यावर मी पुण्याचे भाड्याचे घर सोडले आणि वडिलांच्या प्लॉटवरच वरचा मजला बांधला. जिना बाहेरून काढला, म्हणजे सोबतही राहते आणि दारही वेगळे राहते. कार्यालयाने उद्या परत बोलावले तर काय, याचे उत्तर मात्र मी अजून शोधलेले नाही.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. वाकडच्या ताईंचा मुद्दा मी आमच्या विभागाच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. एकट्या कर्जदाराला धक्का बसू शकतो हे आम्हाला माहीत असते, तरी अर्जाच्या वेळी दर दोन टक्के वाढला तर हप्ता किती होईल हे आम्ही त्याला लिहून देत नाही. हे माझ्या अखत्यारीत आहे आणि मी ते सुरू करते आहे.

लातूरच्या दादाला एक विचारायचे आहे. नागपूरचा अनुभव वाचून तुमच्या छतावरच्या सळया आठवल्या. तुम्ही वडिलांशी त्याविषयी कधी बोललात का?

सदाशिव पेठ, पुणे. वय २७

ताई, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री घरी फोन केला. नोकरी कुठेही लागली तरी मी गावात राहीन असे वाटत नाही, हे प्रथमच स्पष्ट बोललो. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सळया गंजू नयेत म्हणून दर दिवाळीला सिमेंटचं पाणी लावतो. यंदाही लावीन. तू राहा कुठेही, वर चढवायचं तेव्हा चढवू."