इंजिन खोलण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा

गाडी इंजिन ऑइल जाळतेय, सायलेन्सरमधून निळा धूर येतोय, म्हणजे पिस्टन रिंगा (पिस्टनभोवतीच्या, दाब आणि ऑइल अडवणाऱ्या कड्या) गेल्या, इंजिन खोलाच, असा सल्ला काही जण देतात. इतकी घाई नको. धूर कधी येतो ते आधी बघा. रात्रभर उभी गाडी सुरू केल्यावर एकच भपका येऊन थांबत असेल, किंवा लांब उतारानंतर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल, तर संशय व्हॉल्व्ह स्टेम सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत झिरपू न देणारं सील). चढावर, जोर पडल्यावर सतत येत असेल तर रिंगा.

पण अशा सल्ल्यात पीसीव्ही व्हॉल्व्हचं नाव कुणी काढत नाही. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, क्रँकशाफ्टच्या भागातली) वाफ इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या मार्गात) बेताने सोडणारा हा छोटा व्हॉल्व्ह. तो उघडाच अडकला की इंजिन क्रँककेसमधली ऑइलची वाफ थेट इनटेकमध्ये ओढून घेतं. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत हेच झालं होतं. इनटेकचा पाइप काढला तर आतून ऑइलने चिकट, काळा. व्हॉल्व्ह बदलल्यावर ऑइलचं टॉपअप जवळजवळ थांबलं. स्वस्त पार्ट आहे, आधी तोच तपासा.

आणि तपासणीत कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चांगलं आलं म्हणून रिंगांना लगेच क्लीन चिट देऊ नका. कॉम्प्रेशन वरच्या रिंगा धरतात. खालची ऑइल रिंग कार्बनने जाम झाली तरी आकडे उत्तम येतात आणि ऑइल मात्र जळत राहतं.