नोकरी शोधताना खाती बंद करावीत का? (सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

ए-३०२ : सर्वांना नमस्कार. माझ्या मुलीचे बी.कॉम. पूर्ण झाले असून ती सध्या लेखा विभागातील नोकरीसाठी अर्ज करीत आहे. मुलाखतीआधी कंपन्या उमेदवाराचे नाव इंटरनेटवर शोधतात, असे मैत्रिणींकडून ऐकल्यापासून ती फेसबुक, इन्स्टाग्राम अशी सगळीच खाती बंद करायला निघाली आहे. हे योग्य ठरेल का? भरतीच्या कामातल्या जाणकारांनी कृपया सांगावे.

सी-१०४ : ताई, तिला खाती सरसकट बंद करू देऊ नका. मी बरीच वर्षे भरती विभागात काम केले आहे. सहलीच्या किंवा लग्नातल्या फोटोंवरून कोणाला नाकारल्याचे मी पाहिलेले नाही, मात्र बायोडेटा आणि लिंक्डइन यांचा मेळ बसत नाही म्हणून पुढची फेरी अडलेली अनेकदा पाहिली आहे. बायोडेटात इंटर्नशिप मार्च ते ऑगस्ट लिहिलेली असते आणि लिंक्डइनवर तीच जानेवारीपासून दिसते. हा फरक निव्वळ घाईतून राहिला असला, तरी प्रमाणपत्राशी ताडून पाहणाऱ्याला तो खोटेपणाच वाटतो. अनुभवी उमेदवारांच्या बाबतीत तर पीएफच्या नोंदींवरूनही नोकरीच्या तारखा पडताळल्या जातात. म्हणून आधी या तारखा, पदांची नावे आणि टक्केवारी सगळीकडे सारखी करून घ्यावी.

त्यानंतर ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत स्वतःचे नाव शोधावे. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये येते, त्यामुळे ते घालून आणि वगळून, इंग्रजीत आणि देवनागरीत, कॉलेजच्या किंवा गावाच्या नावासह, असे सर्व प्रकारे शोधल्याशिवाय परक्या माणसाला आपण कसे दिसतो हे कळत नाही. फेसबुकवरील जुन्या सार्वजनिक पोस्ट एकदम केवळ मित्रांपुरत्या करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. इतरांनी टाकलेल्या फोटोंतील आपला टॅग आपल्याला काढता येतो, परंतु मूळ फोटो हटवण्यासाठी ज्याने टाकला त्यालाच विनंती करावी लागते.

बी-२०१ : एक भर घालतो. हल्ली मुलाखतीचा निरोप पुष्कळदा व्हॉट्सॲपवरच येतो, त्यामुळे तिथला डीपी आणि स्टेटस कोणाला दिसतात, हेही तपासावे. तसेच ट्रूकॉलरवर आपला नंबर कोणत्या नावाने दिसतो ते पाहावे, कारण लोकांनी तो ज्या नावाने जतन केला असेल, तेच तिथे दिसू शकते. माझ्या पुतण्याचे नाव कित्येक महिने ‘बंटी केबल’ असे येत होते. त्याने ॲपमध्ये स्वतःच्या नंबरने नोंदणी करून ते बदलून घेतले.

डी-४०३ : एखाद्या जुन्या कौटुंबिक दाव्याचा निकाल नाव शोधल्यावर वर येत असेल, तर काय करावे?

सी-१०४ : दादा, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याच्या अधिकाराची तरतूदही आहे. तथापि न्यायालयीन निकालातील नाव झाकण्याबाबत वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळी भूमिका घेतली आहे, त्यामुळे वकिलांचा सल्ला घेणेच इष्ट. आपला पत्ता किंवा फोन नंबर उघड दिसत असेल, तर तो शोधनिकालांतून वगळण्याची विनंती गुगलकडे करता येते, मात्र मूळ पान तसेच राहते.

याच संदर्भात कळकळीची विनंती आहे, की आपल्या मुलांचे बायोडेटे कृपया या ग्रुपवर टाकू नयेत. जन्मतारीख, पत्ता आणि मोबाइल नंबर असलेली ती पीडीएफ एका दिवसात कुठल्या कुठे जाते, आणि नोंदणी शुल्क मागणारी बनावट नेमणूकपत्रे पाठवणाऱ्यांना हवी असते ती नेमकी हीच माहिती. ताई, मुलीचा बायोडेटा मला स्वतंत्रपणे पाठवा. त्यात पूर्ण पत्त्याऐवजी केवळ शहराचे नाव पुरेसे आहे.

ए-३०२ : मनापासून आभार, काका. पत्ता आणि जन्मतारीख काढून, लिंक्डइनशी तारखा जुळवून ती उद्या आपल्याला बायोडेटा पाठवील.