समतल, सपाट, समांतर की गुण्यात? रंधा मशीन लावताना कोणता शब्द कुठे

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत करते. सध्या हातात ‘जॉइंटर’ची पुस्तिका आहे. आपल्याकडे लाकडाच्या कारखान्यात याला बहुतेक जण रंधा मशीन किंवा सरफेस प्लेनर म्हणतात. दोन लांब लोखंडी टेबलं, त्यांच्या मधल्या फटीत पात्यांचा फिरता रूळ आणि बाजूला उभा गाईड. पहिल्या टेबलावरून फळी ढकलायची, पाती खालून लाकूड काढतात, आणि रंधलेली बाजू दुसऱ्या टेबलावर टेकत पुढे जाते.

मूळ मजकुरात ‘लेव्हल’ हा शब्द तीन वेगवेगळ्या कामांसाठी आला आहे. मी तिन्ही ठिकाणी ‘समतल’ लिहिलं आणि कच्ची प्रत ओळखीच्या एका कारखान्यात वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी गेले तर तिथला मुलगा टेबलावर पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवून यंत्राच्या पायांखाली पत्रे सरकवत होता. त्याची अख्खी दुपार त्यात गेली, आणि फळी आधीसारखीच शेवटच्या दोन इंचांत खोलगट निघाली. त्याने अगदी माझ्या वाक्याप्रमाणे केलं होतं. शब्द मी चुकीचा दिला होता, म्हणून इथे विचारते आहे. ‘टेबल पात्याशी लेव्हल’, ‘दोन टेबलं एकमेकांशी लेव्हल’ आणि ‘यंत्र जमिनीवर लेव्हल’ यांना वेगवेगळे शब्द हवेत. शिवाय ‘जॉइंटर’ला काय म्हणावं, आणि फळीच्या शेवटी पडणाऱ्या त्या खड्ड्याला सुतार काय म्हणतात?

प्रतिसाद

ताई, आयटीआयमध्ये बरीच वर्षं सुतारकाम शिकवलं, त्यामुळे या गोंधळाशी माझी जुनी ओळख आहे. मुलांना मी पहिल्याच आठवड्यात शब्दांचे दोन गट पाडून द्यायचो.

पाणसळ आणि ओळंबा हे शब्द वस्तूचं जमिनीशी नातं सांगतात. पाणसळीत म्हणजे साचलेल्या पाण्यासारखं आडवं, ओळंब्यात म्हणजे टांगलेल्या दोरीसारखं उभं. गवंड्याचं सगळं काम या दोन शब्दांवर उभं असतं. गुण्यात (म्हणजे काटकोनात), सपाट, सरळ, समांतर, एका पातळीत हे शब्द वस्तूंचं आपसातलं नातं सांगतात. तिथे जमिनीचा संबंध येत नाही. रंधा मशीन लावणं हे पूर्णपणे या दुसऱ्या गटातलं काम आहे. यंत्र थोडं कललेलं असलं, पण डगमगत नसलं, तरी ते सरळच रंधेल. उलट यंत्र पाणसळीत पक्कं बसलेलं असलं आणि टेबलं एकमेकांच्या पातळीत नसली, तर एकही कड सरळ निघणार नाही.

गाईडचंही तसंच आहे. गाईड ओळंब्यात नको, टेबलाशी गुण्यात हवा. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, पात्यांच्या लगेच पुढे, दुसऱ्या टेबलावर धरून तपासायचा, कारण फळी तिथेच टेकत असते.

दोन टेबलांसाठी भूमितीच्या पाठ्यपुस्तकात ‘एकप्रतलीय’ हा नेमका शब्द आहे, पण कारखान्यात तो कुणी उच्चारणार नाही. ‘दोन्ही टेबलं एका पातळीत’ असं लिहा. त्याच्या पुढच्याच ओळीत ते तपासायचं कसं तेही लिहा, म्हणजे अर्थ पक्का होईल. रूळ असा फिरवून ठेवायचा की एकही पातं वर नसेल. पहिलं टेबल दुसऱ्याच्या उंचीला आणायचं, दोन्हींवर मिळून लांब, खात्रीची सरळ पट्टी ठेवायची आणि खाली फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पत्र्यांच्या जुडीचं) पान कुठे शिरतं ते पाहायचं. अलीकडची कड, पलीकडची कड आणि दोन्ही कर्ण तपासायचे. कर्णावर फरक आला तर टेबलांत पीळ आहे. बाक आणि पीळ हे दोन दोष लाकडात असतात तसेच टेबलातही असतात, आणि शब्दही तेच चालतात.

प्रतिसाद

नमस्कार. मी कोकणात दारं-खिडक्या करतो, वडिलांपासून हाच धंदा. आमच्याकडे त्या खड्ड्याला ‘शेवट खाल्ला’ म्हणतात. “बघ रे, मशीन शेवट खातंय,” एवढं म्हटलं की पोराला कळतं की दुसरं टेबल खाली गेलं आहे. टेबल पात्याच्या टोकापेक्षा खाली असेल तर फळीचं शेपूट पहिल्या टेबलावरून सुटताना पात्यावर पडतं आणि तिथे जास्त कापलं जातं. उलट टेबल वर असेल तर फळीचं तोंड टेबलाच्या ओठाला, म्हणजे पात्याकडच्या कडेला, अडतं. थोडंसंच वर असेल तर अडत नाही, पण फळी हळूहळू उचलली जाते आणि कड तिरकी निघते.

‘पात्याशी लेव्हल’साठी आम्ही ‘पात्याला मिळतं’ म्हणतो. “टेबल पात्याला मिळवून घे.” हा शब्द मला बरोबर वाटतो, कारण यात पाणसळीचा वासही नाही.

तपासायला वडिलांनी शिकवलेली रीत सांगतो. आधी वायर काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. सरळ लाकडी पट्टी दुसऱ्या टेबलावर ठेवायची, तिचं टोक रुळावर येऊ द्यायचं, आणि पट्टीवर टेबलाच्या ओठाशी पेन्सिलची खूण करायची. मग रूळ हाताने हळू फिरवायचा. पातं पट्टीला उचलून थोडं पुढे नेतं आणि सोडतं. पुन्हा खूण करायची. दोन खुणांत एक सूत (इंचाचा आठवा भाग) अंतर आलं की झालं. पट्टी हललीच नाही तर टेबल वर आहे, दोन सूत गेली तर खाली आहे. तीन पाती असतील तर तिन्ही पात्यांना, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एक सूतच यायला हवं. तसं आलं नाही तर टेबलाला हात लावू नये. तिथे पातं ढिलं करून बसवावं लागतं. पात्याचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला थोडेथोडे आवळावे. एकदम आवळले तर पातं वर सरकतं.

प्रतिसाद

काका, तुमची ही रीत वाचून आकडा काढून पाहिला. रुळाच्या पात्यांचं वर्तुळ ७५ मिमी व्यासाचं धरलं आणि पट्टी ३ मिमी सरकली, तर पातं टेबलाच्या वर जेमतेम ०.०३ मिमी असतं. फीलर गेजच्या सर्वांत पातळ पानाइतकी ही बारीक मोजणी एक लाकडी पट्टी आणि पेन्सिल करून देते. पुस्तिकेत ही रीत घालावीच.

‘जॉइंटर’ शब्दाबद्दल. मी सध्या अमेरिकेत असतो, घराच्या गॅरेजात लाकूडकाम करतो. नवीन मराठी माणूस इथे हमखास फसतो. अमेरिकेत ‘जॉइंटर’ म्हणजे हे तुमचं यंत्र, आणि ‘प्लेनर’ म्हणजे फळीची जाडी एकसारखी करणारं दुसरं यंत्र. ब्रिटिश इंग्रजीत मात्र पहिल्याला सरफेस प्लेनर आणि दुसऱ्याला थिकनेसर म्हणतात. भारतात ब्रिटिश वळण आलं आहे. त्यामुळे अमेरिकी पुस्तिकेतला ‘प्लेनर’ तुम्ही ‘रंधा मशीन’ केलात तर वाचणारा चुकीच्या यंत्रापाशी जाऊन उभा राहील.

‘जॉइंटर’मधला जॉइंट म्हणजे सांधा. दोन फळ्यांच्या कडा इतक्या सरळ करायच्या की डिंक लावून भिडवल्यावर दरज दिसू नये, त्यावरून हे नाव आहे. मराठीत ‘सांध-रंधा’ कसा वाटतो?

प्रतिसाद

‘सांध-रंधा’ ऐकायला गोड आहे, पण तो कुणाच्या तोंडात नाही. ‘रंधा मशीन’ रुळलेलं आहे, तेच ठेवा. दुसऱ्या यंत्राला ‘थिकनेस मशीन’ म्हणा, म्हणजे घोटाळा होणार नाही.

व्युत्पत्तीची आवड म्हणून दोन ओळी. रंधा फारसीतून आला. तिथे ‘रंदा’ म्हणजे सुताराचा रंधाही आणि स्वयंपाकघरातली किसणीही. पातळ काप काढणं हा धागा दोन्हींत आहे. गुण्याही फारसीतूनच आला, ‘गूनिया’. त्याच्यामागे ग्रीकमधला कोन या अर्थाचा ‘गोनिया’ आहे. आणि सुतार मात्र आपला सूत्रधार. आखणीचं सूत हातात असलेला माणूस.

प्रतिसाद

पुन्हा मीच, आयटीआयवाला. दरजेची गोष्ट निघाली म्हणून एक भर घालतो, कारण इथे शब्द आणि यंत्र एकत्र समजतात. टेबलांची बाहेरची टोकं खाली झुकलेली असतील तर कड अंतर्वक्र निघते. दोन फळ्या भिडवल्या की टोकं टेकतात आणि मध्ये उजेड दिसतो. टोकं वर असतील तर उलट, मध्ये टेकतं आणि टोकांना फट. आम्ही याला ‘पोटात फट’ आणि ‘टोकाला फट’ म्हणायचो. दोन्ही फळ्या त्याच यंत्रावर रंधलेल्या असल्यामुळे दोष दुप्पट होऊन दिसतो, म्हणून ही परीक्षा फार चांगली. झुकलेलं टेबल बहुतेक वेळा सरकपट्ट्या (टेबल ज्यांवर वरखाली सरकतं त्या पट्ट्या) ढिल्या झाल्यामुळे झुकतं. आधी त्या आवळाव्या, त्याने भागलं नाही तरच पितळी पत्र्याची चकती घालावी.

आणि ‘समांतर’ हा शब्द या पुस्तिकेत जपून वापरा. हे यंत्र बाजू सपाट करतं, कड गुण्यात आणतं, पण समोरासमोरच्या दोन बाजू समांतर करत नाही. एक बाजू रंधली, फळी उलटली आणि दुसरीही इथेच रंधली, तर दोन्ही बाजू सपाट होतील आणि फळीची पाचर होईल. समांतर करायचं काम थिकनेस मशीनचं.

प्रतिसाद

सर, काका, सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी एक विचारते. मूळ मजकुरात ‘स्मूद कट’ आहे. मी ‘गुळगुळीत’ लिहिलंय. कारखान्यातला मुलगा म्हणाला, “सरळ आहे पण गुळगुळीत नाही.” हे दोन वेगळे दोष मानायचे का?

प्रतिसाद

वेगळेच, ताई. सरळ येतं ते टेबलांमुळे, गुळगुळीत येतं ते पात्यांमुळे. समजा रूळ मिनिटाला ५००० फेरे घेतो आणि पाती तीन आहेत, म्हणजे मिनिटाला १५००० काप. फळी मिनिटाला ५ मीटर ढकलली तर प्रत्येक मिलिमीटरात तीन काप पडतात. पण एक पातं बाकीच्यांपेक्षा थोडं वर असेल तर शेवटची खूण एकट्या त्याचीच राहते. मग मिलिमीटरात एकच काप, आणि प्रकाश तिरका पाडला की लहरी दिसतात. हात फिरवला तरी बोटाला कळतात. म्हणून वरची पट्टीची परीक्षा तिन्ही पात्यांची घ्यायची.

लाकडाची दिशाही पाहावी. रेषा मागच्या टोकाकडे खाली उतरत गेल्या पाहिजेत. उलट्या बाजूने घातलं तर तंतू उपटतात आणि कुसा उभ्या राहतात. आमच्याकडे “लाकूड उलटं चाललंय” म्हणतात. बाभळीत, गाठीजवळ तर फार. तिथे पाव सुताचाच घास घ्यावा. साध्या लाकडाला अर्धा सूत चालतो, त्याहून जास्त मी घेत नाही. सागवानात वाळूसारखा अंश असतो, तो धार लवकर खातो. बोथट पात्याने कुणालाच गुळगुळीत मिळत नाही. आणि हेही पुस्तिकेत ठळक लिहा : फुटापेक्षा आखूड तुकडा या मशीनवर घालू नये, हात पात्याच्या वरून नेऊ नये, ढकलायला लाकडी ठोकळा वापरावा. माझ्यासमोर एकाची दोन बोटं गेली आहेत.

प्रतिसाद

काका, ते मी पहिल्या पानावर घेते आहे. बाकी मजकूर असा बदलला :

‘यंत्र जमिनीवर न डगमगता उभं राहील असं बसवा. दोन्ही टेबलं एका पातळीत आहेत का ते सरळ पट्टीने तपासा. दुसरं टेबल पात्याला मिळवून घ्या. लाकडी पट्टी प्रत्येक पात्याने एक सूत सरकली पाहिजे. गाईड टेबलाशी गुण्यात लावा. मशीन शेवट खात असेल तर दुसरं टेबल किंचित वर घ्या.’

‘समतल’ एकदाही आला नाही. ‘कड’ फळीसाठी आणि ‘धार’ पात्यासाठी राखून ठेवली आहे, इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द होता.

प्रतिसाद

छान झालं. फक्त ‘एक सूत’च्या पुढे ‘म्हणजे ३ मिमी’ एवढं लिहा. माझ्याकडे येणाऱ्या नव्या पोरांच्या टेपवर इंच असतात, पण सूत कुणी सांगितलेलं नसतं.