तीस दिवस काम केलं की वर्षभर रोजगार?

बालाघाटकर

माझा चुलतभाऊ आणि वहिनी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दोघांचा मिळून एक कोयता. पहाटे चारला फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी आली की भरायला उठायचं. गुढीपाडव्याच्या आगेमागे ते गावी येतात. नंतरचे सहा-सात महिने भाऊ रोज सकाळी स्टँडवर उभा राहतो. कुणाची विहीर असते, कुणाचं बांधकाम, नाहीतर परत घरी.

पीएलएफएस म्हणजे २०१७ पासून चालणारी सरकारी श्रम पाहणी. तिच्या हिशेबात हा माणूस बेरोजगार नाही. वर्षातला जास्त काळ तो काम शोधत असला तरी किमान ३० दिवस काम केलं की ‘सामान्य स्थिती’त त्याची गणना रोजगारात होते. २०२३-२४ चा ३.२ टक्के बेरोजगारी दर याच मोजपट्टीचा आहे. पुस्तकात हंगामी बेकारी, छुपी बेकारी असे प्रकार शिकलो. आकड्यात ते कुठे आहेत? तीन एकर कोरडवाहूवर चार भाऊ राबतात, त्यातले दोघे उठून गेले तरी तूर तेवढीच होणार. पाहणीत मात्र चौघेही कामावर!

माझ्या मते हा दर चुकीचा आहे आणि तो बातमीत देणं बंद व्हावं.

मोजमाप

बालाघाटकर, सहमत नाही. दर चुकीचा नाही, तुम्ही त्याला भलताच प्रश्न विचारताय. बेकारी म्हणजे काम हवंय आणि मिळत नाही. मिळकत पुरत नाही, हा प्रश्न दारिद्र्याचा. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले तर एकाचाही पत्ता लागणार नाही.

आपल्याकडे घरी बसून नोकरी शोधणं परवडतं कुणाला? ज्याच्या घरात दोन वेळची सोय आहे त्याला. म्हणून १५ ते २९ वयोगटाचा दर त्याच वर्षी १०.२ टक्के आहे. गरीब माणूस मिळेल ते काम धरतो आणि दर खाली येतो. हे लपवलेलं नाही, त्याच अहवालात आहे. कामकऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारात आहेत, हेही तिथेच. साप्ताहिक स्थिती, म्हणजे मागच्या सात दिवसांत तासभर तरी काम केलं का, ते पाहिलंत तर दर ४.९ टक्के निघतो. एका आकड्याने भागणार नाही, हे बेकारी कशी मोजायची ते तपासणाऱ्या सरकारी दांतवाला समितीने १९७० मध्येच सांगितलं होतं. आकडा बंद करू नका, बाकीचे आकडेही वाचा.

गोठ्यापाशी

तुम्हा दोघांच्या बोलण्यात माझ्या सासूबाई बसत नाहीत. आमच्याकडे पाहणीवाले आले होते. “आजी, काम करता का?” “नाही बाबा, मी घरीच.” त्यांनी तसं लिहायला घेतलं. मी म्हटलं, थांबा. दोन म्हशींच्या धारा कोण काढतं? डेअरीत दूध जातं ते कुणाचं? मग त्यांनी खोडून लिहिलं, कुटुंबाच्या धंद्यात मदतनीस.

त्या एका प्रश्नाने आमच्या घरात एक रोजगार वाढला. दुधाचा पगार सासऱ्यांच्या खात्यात येतो, तो आजही तिथेच येतो. महिलांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. बायका नोकरीला लागल्या असं सरसकट म्हणू नका, त्यांतल्या कितीजणींना हातात पैसे मिळतात ते आधी बघा. आणि मोजमाप, तुमच्या व्याख्येने त्या बेकार नाहीत, मान्य. पण मग ‘रोजगार’ हा शब्द तरी का वापरायचा?

मोजमाप

ताई, तुमचा मुद्दा खरा आहे. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत रोजगार म्हणजे मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम. डेअरीला दूध घातलं की तो नफा कुटुंबाचा धरतात, म्हणून सासूबाई रोजगारात. पैसा कुणाच्या हाती गेला ते व्याख्या विचारत नाही. हा दोष मी मान्य करतो.

बालाघाटकर

दर बंद करा हे मी रागात लिहिलं, मागे घेतो. पण मोजमाप, तुम्ही एक गोष्ट सांगितली नाहीत. पूर्वीच्या पंचवार्षिक पाहण्यांत तिसरी मोजपट्टी होती, ‘दैनिक स्थिती’. दिवसाचे दोन अर्धे करून मोजायचे. २०११-१२ मध्ये सामान्य स्थितीने दर २.२ टक्के होता आणि दैनिक स्थितीने ५.६. देश तोच, माणसं तीच. पीएलएफएसमध्ये ती मोजपट्टीच नाही. आठवड्यातल्या रोजच्या कामाचे तास आजही लिहून घेतात, मग दर का काढत नाहीत?

आत्ताच भावाला फोन केला. गेल्या सात दिवसांत दोन दिवस विहिरीवर काम, पाच दिवस स्टँडवरून परत. साप्ताहिक मोजणीत तो कामावर. मला ते पाच दिवस कागदावर हवे आहेत.

गोठ्यापाशी

पाच दिवस नक्की धरा. आणि वहिनींचे किती, तेही विचारा. तुम्ही फोन फक्त भावाला केलात.