विद्यापीठाच्या मेलला टू-स्टेप: एसएमएस घ्यावा की अ‍ॅप?

झिरोमाइल_स्कॉलर
विद्यापीठाचं मेल खातं गुगलवर आहे. अ‍ॅडमिननं टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक पुरावा, बहुतेकदा कोड) सक्तीचं केलंय, पंधरा दिवसांची मुदत आहे. लॅब तळघरात, तिथं मोबाइलला रेंज येत नाही, म्हणजे एसएमएसचा ओटीपी मिळणं कठीण. फोन एकच आहे आणि पुढच्या महिन्यात नंबरही बदलणार आहे. शिवाय लॅबच्या डेस्कटॉपवर मेल थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये येतो. तो बंद पडेल का?

तर्रीपोहे
अ‍ॅप घ्या, एसएमएसच्या नादी लागू नका. ऑथेंटिकेटर म्हणजे कोड तयार करणारं अ‍ॅप, त्याला रेंज लागत नाही. सेटअपच्या वेळी एक गुप्त की फोनमध्ये उतरते. ती की आणि घड्याळातली वेळ यांवरून दर ३० सेकंदांनी ६ आकडी कोड तयार होतो. फोन एअरप्लेन मोडवर असला तरी चालतं.

सेटअप कॉम्प्युटरवरच करा, कारण पडद्यावरचा क्यूआर फोननं स्कॅन करायचा असतो. खात्याच्या ‘सुरक्षा’ पानावर टू-स्टेपमध्ये जाऊन ऑथेंटिकेटर निवडा. क्यूआर दिसला की घाई करू नका. खाली ‘स्कॅन होत नाही?’ असं असतं, त्यावर क्लिक केलं की ३२ अक्षरांची की दिसते. ती कागदावर उतरवून घरी कपाटात ठेवा. फोन गेला तर हीच की नव्या फोनमध्ये टाकायची, तेच कोड पुन्हा सुरू होतात. पान बंद केलं की ती परत दिसत नाही.

मग बॅकअप कोड काढा, फोन हाताशी नसेल तेव्हा वापरायला. ८ आकडी १० कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. नवा संच काढला की जुना सगळा बाद, म्हणून कपाटातला कागदही लगेच बदला. या कोडांचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवणारे महाभाग असतात, त्यांना काय म्हणावं!

कोड बरोबर टाकूनही ‘चुकीचा’ म्हणत असेल तर बहुतेकदा फोनची वेळ हातानं लावलेली असते. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा.

अंबाझरी_काठ
थंडरबर्ड बंद पडणार नाही, पण जुना पासवर्ड तिथं चालणार नाही. अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्जला जा, ऑथेंटिकेशन मेथड ‘ओऑथ२’ करा, म्हणजे थंडरबर्डला पासवर्ड न देता गुगलच्याच खिडकीत लॉगिन होतं. हे येणाऱ्या मेलसाठी झालं. जाणाऱ्या मेलचा एसएमटीपी सर्व्हर यादीत सगळ्यात खाली वेगळा असतो, तिथंही तेच करा. बरेच जण इथंच चुकतात, मग मेल येतो पण जात नाही. लॉगिनची खिडकी उघडून नुसतीच कोरी राहिली किंवा पुन्हा पुन्हा तेच विचारत असेल, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते बघा. एकदा कोड टाकला की रोज विचारत नाही.

नंबराचं म्हणाल तर आधी खात्यातून जुना नंबर काढा, मग सिम बंद करा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, म्हणजे तुमचे ओटीपी त्याच्याकडे. आणि त्याच नंबराचं सिम बदलून घेतलं तर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. नेमकं त्या दिवशी फॉर्म भरायचा असेल तर अडकाल.

कडक_ऊन
वरचं सगळं बरोबर, पण अ‍ॅप लावलं म्हणजे झोपायला मोकळे, असं समजू नका. ‘मेलबॉक्स भरला, इथं लॉगिन करा’ छाप मेलमधलं बनावट पान तुमचा पासवर्ड आणि कोड दोन्ही घेतं आणि त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकतं. ३० सेकंद त्याला पुरे होतात. पासकी (फोनच्या किंवा लॅपटॉपच्या लॉकनं लॉगिन) किंवा यूएसबी सिक्युरिटी की इथं वाचवते, कारण ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, बनावट पानाला उत्तरच देत नाही. अ‍ॅडमिननं परवानगी दिली असेल तर पासकी जरूर लावा.

तुम्ही लॉगिन करत नसताना ‘तुम्हीच का?’ असं फोनवर आलं तर ‘नाही’ दाबा आणि पासवर्ड बदला. तो बहुधा कोणाच्या तरी हातात गेलाय.

आणि भाऊ, धरमपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात थीसिस प्रिंट करायला मेल उघडू नका. लॉगिन चालू राहिलं तर तुमच्यानंतरच्या गिऱ्हाइकाला कोड लागतच नाही. पेन ड्राइव्ह न्या. ‘या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका’ ही खूण लॅबच्या सामायिक पीसीवरही नको.

संशय आला तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. मेल सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर दोन्ही बघा. घुसलेला माणूस गुपचूप फिल्टर लावून जातो, तुमचे मेल त्याच्याकडे जात राहतात.

झिरोमाइल_स्कॉलर
की लिहून घेतली, कोड छापले. फोन बदलताना काय करायचं? अ‍ॅपमध्ये क्लाउड सिंक चालू करू का?

तर्रीपोहे
जुना फोन रीसेट करायच्या आधी अ‍ॅपमधून ‘ट्रान्सफर अकाउंट्स’ करा आणि नव्या फोनवरच्या कोडनं एकदा लॉगिन करून बघा. मगच जुना पुसा. सिंक करायचा तर स्वतःच्या खासगी जीमेलवर करा. विद्यापीठाच्या खात्यावर केला तर त्या खात्यात शिरायचा कोड त्याच खात्यात अडकतो. तरीही अडकलात तर अ‍ॅडमिन तुमच्यासाठी बॅकअप कोड काढून देऊ शकतो. जाताना ओळखपत्र न्या, आणि मध्ये शनिवार-रविवार आला तर तेवढे दिवस थांबावं लागेल असं धरून चाला.